पणजोबांचे वडील कोणते?

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोघा-तिघांनी विचारलं की वंशावळीचं घोडं कुठं अडलं. खरं सांगायचं तर ते एका नावापाशी अडलं होतं. आमच्या पणजोबांच्या वरच्या चौकटीत कुणाचं नाव लिहायचं, हेच ठरत नव्हतं. एका कागदावर एक बाप, दुसर्‍यावर दुसरा, आणि तिसर्‍यावर तर हा मुलगा आमच्या घरचाच नव्हे असं लिहिलेलं.

नावं मुद्दाम देत नाही. घरची मंडळी हे वाचतात आणि त्यांना ती पाठ आहेत. बाकीच्यांसाठी एवढं पुरे: एक वैरागकर आणि एक मोगलाईकर. दोघं एकाच आडनावाचे, लांबचे चुलत भाऊ. मोगलाईकरांची शाखा आधीच्या पिढ्यांत निजामाच्या हद्दीत, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात जाऊन राहिली होती. आमच्या भागातली म्हातारी माणसं अजूनही त्या बाजूला मोगलाईच म्हणतात. वैराग इंग्रजी हद्दीत, आणि थोडं पूर्वेला गेलं की मोगलाई. माणसं, बैल, लग्नं आणि मुलं या हद्दीवरून सारखी ये-जा करत होती. कागद मात्र करत नव्हते. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे.

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे आत्या. आत्या ऐंशीच्या पुढची आहे. पणजोबा तिचे आजोबा. लहानपणी भावकीतल्या भांडणात तिनं एक वाक्य ऐकलं होतं आणि ते ती विसरली नाही. ती सांगते, "माझ्या आज्याला त्येंनी पदरी ठिवलेलं पोर म्हनलं रं, भर चावडीत." याहून वाईट कुजबूजही होती. ती आत्या सांगत नाही, मला इतरांकडून कळली. मुलगा जन्मला तेव्हा बापाला जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणजे मग हा कुणाचा, अशी. आता ती कुजबूज करणारे कुणीच उरले नाहीत, पण आत्या आहे.

पहिला कागद मिळाला तो शाळेचा. वैरागच्या शाळेत पणजोबांचं नाव १९०७ साली दाखल झालेलं. बापाच्या जागी वैरागकरांचं नाव, पुढे 'मयत', आणि पालक म्हणून आईचं नाव. जन्मतारीख १ जून १८९९. १ जून बघून हसू आलं. अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय, कारण मास्तरांनी पोराकडे बघून वय ठरवायचं आणि शाळा सुरू व्हायच्या हिशेबानं तारीख टाकायची. म्हणजे तारीख सोडून द्यावी, पण साल एखाद्या वर्षाच्या फरकानं खरं धरायला हरकत नाही. आठ वर्षांच्या पोराला कुणी पाच किंवा बारा वर्षांचं म्हणणार नाही.

दुसरा कागद १९१४ चा फेरफार. यातही पणजोबा वैरागकरांचेच. जमीन मयत वैरागकरांच्या नावावरून त्यांच्या मुलाच्या नावावर, 'अज्ञान, पालन करणार आई'. आईची निशाणी डाव्या हाताचा अंगठा. (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाला की ज्या वहीत नोंद होते ती. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा. त्याच्या आधीचा फेरफार शोधत बसू नका, मी त्यात दोन उन्हाळे घालवलेत.)

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग जन्म-मृत्यूची वही हाती आली. आपल्याकडे तिला कोतवाल बुक म्हणतात, गाव नमुना चौदा. त्यात वैरागकरांचा मृत्यू १८९७ साली. म्हणजे बाप १८९७ ला गेला आणि मुलगा १८९९ ला जन्मला! कुजबूज खरी ठरावी असाच हिशेब. मी वही मिटली आणि आत्याला काहीच सांगितलं नाही. दोन-तीन महिने या विषयाला हातही लावला नाही.

पुढचा कागद आपोआप चालत आला. २०२३ च्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. घरोघरी ट्रंका उघडल्या, मोडी वाचणार्‍यांना एकदम भाव आला. त्या गडबडीत मोगलाईकरांच्या एका पणतवानं तुळजापूरच्या त्यांच्या पुजार्‍यांच्या चोपडीतल्या एका पानाचा फोटो मला पाठवला. त्याला त्याच्या कामाची नोंद हवी होती, मला माझी मिळाली. देवीला आलेल्या यजमानाची नावं पुजारी लिहून ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. फसली १३१२ ची नोंद. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०२-०३. मोगलाईकर 'वलद' त्यांचे वडील, बरोबर चार मुलगे. तिसर्‍या मुलाचं नाव आमच्या पणजोबांचं.

(जाता जाता. इकडच्या कागदांत 'बिन' असतं आणि मोगलाईच्या कागदांत पुष्कळदा 'वलद'. अर्थ एकच, अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. पहिल्यांदा मी 'कोम' हे आडनाव समजून एका बाईला भलत्याच घरात नेऊन बसवलं होतं.)

एकाच नावाचे दोन मुलगे दोन घरांत असू शकतात. आमच्या भावकीत आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यानं एकेका पिढीत तीन-तीन सारखी नावं सापडतात. म्हणून मी मोगलाईकरांकडची पुढची पानं मागवली. पुढच्या नोंदीत चारऐवजी तीनच मुलगे आहेत. तिसरा नाही, चौथा आहे. मेला असेल का? मेला असता तर शक्यता संपली. पण त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की एक मुलगा 'वैरागला दिला'. दिला! हा एकच शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यातला गुंता बराचसा सुटला.

आता ते १८९७ आणि १८९९ चं गणित. नवरा वारल्यावर विधवेनं दत्तक घ्यायचा प्रश्न हिंदुस्थानात ठिकठिकाणी वेगळा सुटत होता. बंगालमध्ये नवर्‍यानं जिवंतपणी परवानगी दिलेली असावी लागे. आपल्या मुंबई इलाख्यात, मयूख मानणार्‍या भागात, विभक्त कुटुंबातल्या विधवेला अशी परवानगी लागत नव्हती, नवर्‍यानं मनाई केलेली नसली म्हणजे झालं. आणि तिनं घेतलेला मुलगा कायद्यानं तिच्या नवर्‍याचा मुलगा. तोही दत्तक घेतल्या दिवसापासून नव्हे, तर नवरा गेला त्या दिवसापासून, जणू त्या वेळी तो होताच! मग तो प्रत्यक्षात दोन वर्षांनी का जन्मेना. १९४३ साली अनंत भिकाप्पा पाटील विरुद्ध शंकर रामचंद्र पाटील या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं हेच तत्त्व पक्कं केलं. दत्तकाने जुनी वाटणी उलटवायची ही सोय पुढे १९५६ च्या दत्तक कायद्यानं बंद केली, पण आपलं प्रकरण त्याच्या खूप आधीचं.

तेव्हा बाप आधी वारलेला आणि मुलगा नंतर जन्मलेला, यात आमच्याकडे लाज वाटण्यासारखं काही नव्हतंच. मुंबई इलाख्यातल्या शेकडो घरांत हे असणार. ज्यांना वंशावळी जुळवताना असा आकडा दिसेल, त्यांनी माझ्यासारखी वही मिटू नये, आधी दत्तक शोधावा.

हे इथं संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. तिसरा कागद अजून सांगायचाय.

तो १९२२ चा एक अर्ज आहे, मामलेदारांना केलेला. अर्ज करणारी बाई तीच, जिनं मुलाला घेतलं. आमच्या घरात तिला मोठी आई म्हणतात. अर्जात ती म्हणते की हा इसम माझा मुलगा नव्हे, दत्तकही नव्हे, गरीब भाऊबंदाचं पोर म्हणून मी पदरी ठेवून वाढवलं, त्याचा माझ्या नवर्‍याच्या जमिनीशी संबंध नाही. आत्यानं चावडीत ऐकलेलं वाक्य इथून आलं होतं तर. ते कुणा शत्रूनं रचलेलं नव्हतं, खुद्द आईच्या तोंडचं होतं. तिला नाही कळणार तर कुणाला कळणार? आमच्या एका चुलत्यांनी हाच मुद्दा धरला. "जिनं वाढवलं तीच नाही म्हणते, मग तू शहाणा कोण?" असं ते मला फोनवर म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर सुचलं ते बार्शीला जाताना. वैरागहून बार्शीला निघालं की वाटेत पानगाव लागतं. एस.टी. थांबते, दोन-चार माणसं उतरतात, पुढे निघते. या गावाशी मराठ्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा 'हा मुलगा कुणाचा' प्रश्न जोडलेला आहे, हे मी वाचलं होतं आणि विसरलोही होतो. सातारचे छत्रपती रामराजे लहानाचे मोठे झाले ते या भागात. शाहू महाराज गेले तेव्हा रामराजे पानगावला, बहीण दर्याबाई निंबाळकर यांच्याकडे होते. तिथूनच त्यांना सातारला नेलं.

ही हकिकत थोडी सविस्तर सांगतो, कारण आमच्या मोठ्या आईचा अर्ज मला तिच्यामुळेच वाचता आला.

राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई. त्यांचा मुलगा शिवाजी. १७१४ साली पन्हाळ्यावर उलथापालथ झाली, सवत राजसबाई यांनी आपल्या मुलाला, संभाजीला गादीवर बसवलं आणि ताराबाई, त्यांचा मुलगा, सून सगळे कैदेत गेले. हा शिवाजी १७२६ च्या मार्चमध्ये कैदेतच वारला. ताराबाईंचं म्हणणं असं, की त्या वेळी सून भवानीबाई गरोदर होती, पुढे मुलगा झाला, राजसबाई त्याला जगू देणार नाही म्हणून तो गुपचूप बाहेर काढला. ग्रँट डफनं १८२६ साली इतिहास छापला, त्यात तो सांगतो की मुलाला आधी तुळजापूरला आणि तिथून बार्शीला नेलं, तिथं तो वाढला.

शाहू महाराजांना मुलगा नव्हता. त्यांचं वय झालं, वारस कोण हा प्रश्न आला, तेव्हा ताराबाईंनी सांगितलं की माझा नातू जिवंत आहे. राणी सकवारबाईंचा याला कडवा विरोध होता, मुलगा बनावट आहे असं त्या म्हणत. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले आणि १७५० च्या जानेवारीत रामराजे सातारच्या गादीवर बसले. नागपूरकर रघूजी भोसले आले, त्यांनाही खात्री हवी होती. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी अट घातली की ताराबाईंनी जातभाईंसमोर मुलासोबत जेवावं आणि जेवण्याआधी त्या अन्नाची शपथ घेऊन सांगावं की हा माझा नातू. ताराबाईंनी तसं केलं.

पुढे काय झालं? ताराबाईंना वाटत होतं की नातू आपल्या मुठीत राहील आणि नानासाहेब पेशव्यांना दूर करता येईल. रामराजांनी ते केलं नाही. उलट १७५० च्या सप्टेंबरमध्ये सांगोल्याला (हेही आपल्याच जिल्ह्यातलं) करार होऊन कारभार पेशव्यांकडे गेला. २४ नोव्हेंबर १७५० ला, चंपाषष्ठीच्या निमित्तानं रामराजांना सातारच्या किल्ल्यावर बोलावून ताराबाईंनी कैद केलं. आणि मग म्हणू लागल्या की हा माझा नातू नव्हेच, हा गोंधळ्याचा मुलगा. १४ सप्टेंबर १७५२ ला जेजुरीला खंडोबासमोर पेशव्यांशी समेटाच्या आणाभाका झाल्या, तेव्हा तर त्यांनी देवासमोर शपथेवर हेच सांगितलं.

म्हणजे बघा, एकच बाई, तिला सत्य ठाऊक असणारच. एकदा अन्नाची शपथ घेऊन म्हणते नातू आहे, अडीच वर्षांनी कुलदैवताची शपथ घेऊन म्हणते नाही. दोन्ही शपथा भारी. आता शपथेवर शपथ मोजून निकाल कसा लावायचा?

माझ्या मते तसा लावताच येत नाही. बघायचं ते हे, की शपथ कोणत्या दिवशी घेतली आणि त्या दिवशी तिला काय हवं होतं. नकार आला तो नातवानं ऐकलं नाही म्हटल्यावर, त्याच्या आधी नाही. त्यामुळे नकाराला माझ्या लेखी फार वजन नाही. पण प्रामाणिकपणे तोच काटा पहिल्या शपथेलाही लावला पाहिजे. होकार आला तोही गादी रिकामी होत होती तेव्हाच. गोंधळ्याची गोष्ट मात्र मला विचार करायला लावते. मुलाचा प्रवास तुळजापूरवरून झालेला, आणि आई भवानीचे गोंधळी त्या वाटेवर गावोगाव. खोटं बोलायचं झालं तरी माणूस जवळचाच माल वापरतो. किंवा ज्या घरात मुलाला लपवलं त्या घराची आठवण त्या आरोपात उरली असेल. दोन्ही होऊ शकतं. आणखी एक. ताराबाईंनी त्यांना गडावर डांबून ठेवलं, पण 'खरा नातू हा' म्हणून दुसरा कुणी पुढे आणला नाही. पेशव्यांनीही जेजुरीच्या शपथेनंतर रामराजांना गादीवरून काढलं नाही. अर्थात पेशव्यांना दुबळा छत्रपती सोयीचाच होता, तेव्हा त्यांच्या वागण्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. माझा कल रामराजे खरे नातू होते याकडे आहे. पण हा कलच. सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही.

तारखेचा घोळ तिथेही आहे बरं का. ग्रँट डफनं ताराबाईंच्या मुलाचा मृत्यू १७१२ साली दाखवलाय. तो आकडा धरला तर गादीवर बसताना रामराजे सदतीस वर्षांचे होतात, १७२६ धरला तर तेविशीचे. एका चुकलेल्या सालानं माणसाचा अख्खा जन्म चौदा वर्षं मागे जातो. पुढच्या अभ्यासकांनी १७२६ धरलं आणि १७१४ साली पन्हाळ्यावर जे घडलं त्याच्याशी तेच जुळतं. कोतवाल बुकातल्या १८९७ नं मला घाबरवलं होतं, तेव्हा मी हे आठवायला हवं होतं.

रामराजांनी १७७७ साली, मरण्याआधी, वावीच्या त्रिंबकजी भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला. तेच धाकटे शाहू. म्हणजे सातारची गादी पुढे चालली ती दत्तकावर, आणि १८४८ साली डलहौसीनं खालसा केली तीही दत्तक नामंजूर करून. ज्या घराण्यात 'रक्ताचा की नाही' यावर शपथा झाल्या, त्यांचं राज्य शेवटी 'दत्तक चालत नाही' म्हणून गेलं.

असो. पानगावहून परत आमच्या ट्रंकेकडे.

मोठ्या आईचा १९२२ चा अर्ज मी पुन्हा काढला आणि या वेळी तिचं म्हणणं बाजूला ठेवून फक्त साल बघितलं. १९२२ ला पणजोबा तेवीस वर्षांचे. (रामराजेही गादीवर तेवीस वर्षांचेच, हा योगायोग.) त्याच सुमाराला त्यांनी जमीन आपल्या हाती मागितली होती. हे अर्जातच आहे, कारण मोठी आई तक्रार करते की हा इसम 'हिशेब मागतो'. आत्याच्या सांगण्यात आणखी एक धागा आहे. मोठ्या आईला ओढ्याकडचा एक तुकडा आपल्या माहेरच्या भावाला द्यायचा होता आणि पणजोबा आडवे आले. म्हणजे नकार आला तो भांडण पेटल्यावर.

आणि आधीचं? १९०७ ला शाळेत ती पालक, आणि मुलापुढे बाप म्हणून तिनं आपल्या नवर्‍याचं नाव घातलं. तेव्हा भांडण नव्हतं, जमिनीचा प्रश्न नव्हता, पोराला शाळेत घालायचं होतं एवढंच. १९१४ ला फेरफारावर तिनं आई म्हणून अंगठा दिला. पदरी ठेवलेल्या पोराच्या नावावर कुणी नवर्‍याची जमीन चढवत नाही.

एका वकील मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, तू जे शोधून काढलंस ते कायद्यात दीडशे वर्षं आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ३२. मयत माणसानं नात्याबद्दल केलेलं विधान पुराव्यात घेता येतं, पण ते वाद उपस्थित होण्याच्या आधी केलेलं असलं पाहिजे. घराण्याच्या वंशावळीत, थडग्यावर, कुटुंबाच्या चित्रावर लिहिलेलं असलं तरी तीच अट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हा नियम ठेवलाय. मला याचं बरं वाटलं आणि थोडं वाईटही. आधी वकिलाला विचारलं असतं तर पानगावला उतरून चहा प्यायची वेळ आली नसती.

तर ताराबाईंची दोन्ही विधानं वादातली. मोठ्या आईची दोन वादाच्या आधीची आणि एक वादातलं. म्हणून सातारचा प्रश्न मी कलावर सोडला आणि आमचा सुटला असं म्हणतो.

चुलत्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, मग डी.एन.ए. तपासून बघ की, आता सगळे करतात. करता येईल, पण काय कळेल? आमचा आणि मोगलाईकरांचा पुरुषांकडून चालणारा वंश एकच निघेल. निघायलाच हवा, कारण वैरागकर आणि मोगलाईकर मुळात एकाच घराचे. पणजोबांना ओटीत घातलं की नुसतं पदरी ठेवलं, हे रक्तात कुठं लिहिलेलं असणार? आमच्याकडे दत्तकाला होम लागत नव्हता. जन्म देणार्‍यानं मुलगा द्यायचा आणि घेणारीनं घ्यायचा, चार माणसांसमोर, साखर वाटून. त्याचा पुरावा म्हणजे ती चार माणसं, आणि ती तर कधीच गेली.

त्या अर्जाचं पुढे काय झालं तेही सांगतो. तडजोड झाली. दोन तुकडे मोठ्या आईला तिच्या हयातीपर्यंत पोटगीत, बाकी पणजोबांकडे. ओढ्याकडचा तुकडा भावाला गेला नाही. दोघं एकाच वाड्यात राहिली, मधे भिंत घालून. आणि कोतवाल बुकात मोठ्या आईच्या मृत्यूच्या नोंदीपुढे खबर देणार्‍याच्या जागी पणजोबांचं नाव आहे, नातं 'मुलगा'.

हे सगळं घेऊन दिवाळीत आत्याकडे गेलो. फोटो मोबाईलवर मोठे करून दाखवले, शाळेचा, फेरफाराचा, तुळजापूरच्या चोपडीचा. अर्ज दाखवावा की नाही ठरत नव्हतं, शेवटी दाखवला. तिला मोडी येत नाही, मी वाचून दाखवलं. ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हातारीचं पित्तर आमच्या घरी दरसाल व्हायचं. अविधवा नवमी न्हवं, ती तर रांडाव हुती. तिच्या तिथीला. आज्या सोता पान वाढायचा." हे तिनं याआधी कधीच सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलंही नव्हतं. दोन उन्हाळे फेरफार शोधत बसलो आणि समोर बसलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचं सुचलं नाही.

नंतर तिनं विचारलं, "आनि मोगलाईतल्या आयचं नाव काय रं?" पणजोबांच्या जन्मदात्या आईचं. चोपडीत बाप आणि चार मुलगे आहेत, आईचं नाव नाही. मोगलाईकरांनाही सांगता आलं नाही. ते मी आता शोधतोय.

वंशावळीत तूर्त असं केलंय: पणजोबांच्या वर वैरागकर आणि मोठी आई, सरळ रेघेनं. बाजूला मोगलाईकर, तुटक रेघेनं, आणि रेघेवर 'जन्म'. चुलत्यांना तुटक रेघ अजिबात नको आहे. मोगलाईकरांच्या पणतवाला ती सरळ हवी आहे. दोघांनाही सांगितलंय की कागद आणा, मग बदलू.

दत्तक नेमका कधी झाला ते अजून सापडलेलं नाही. १९०२-०३ ला मुलगा तुळजापुरात बापाबरोबर आहे आणि १९०७ ला वैरागच्या शाळेत आहे, म्हणजे मधल्या चार-पाच वर्षांत कधीतरी. कुणाच्या ट्रंकेत त्या वर्षांतली चिठ्ठी, साखरेचा खर्च लिहिलेली वही, काहीही असेल तर फोटो पाठवा. मोडीत असलं तरी चालेल. आणि भावकीतल्या कुणाला त्या आईचं नाव ऐकून माहीत असेल तर नुसता फोन करा, आत्या वाट बघतेय.